दुखरा हात आणि मनाविषयीचा संशय



या स्मृतिव्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांचा मान मोठा. त्या पंक्तीत हातदुखीचा विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. परंतु या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांचा चरितार्थ बोटांवरच चाललेला आहे. कोणी फळ्यावर लिहिले, कोणी कचेरीत टंकलेखन केले, कोणी सराफ्यात दागिने घडवले, कोणी शिवणयंत्रावर संसार उभा केला. कोणी पेटी-तबल्यात रमले आणि अलीकडच्या पिढ्यांतील कितीतरी जण पुण्या-बंगळुरात किंवा परदेशी संगणकाच्या कळफलकासमोर दिवसाचे दहा तास बसतात. त्यांतल्या एखाद्याचा हात दुखू लागतो. तीन महिने उलटतात, सहा उलटतात, दुखणे हटत नाही. क्ष-किरण तपासणी निर्दोष, रक्ततपासणी निर्दोष. मग कोणीतरी, बहुधा डॉक्टरच, विचारतो, "तुमच्या मनावर काही ताण आहे का?"

त्या एका प्रश्नाने रोग्याची अवस्था बदलते. काल तो आजारी होता. आजपासून तो संशयित होतो. घरचे त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात, कचेरीतला वरिष्ठ सुस्कारा सोडतो, आणि रात्री जाग आली की रोगी स्वतःलाच विचारू लागतो की आपण हे दुखणे स्वतः तर निर्माण केले नाही ना. या संशयाला आधार किती, हा आजचा विषय आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मनोकायिक म्हणजे ढोंग नव्हे. ढोंगात वेदना नसते. मनोकायिक म्हटलेल्या व्याधीत वेदना खरी असते, तिचे मूळ मात्र मनात आहे असे मानलेले असते. हा भेद पाठ्यपुस्तकात स्पष्ट आहे, व्यवहारात तो क्वचितच पाळला जातो. रोग्याच्या कानी दोन्ही शब्द एकाच अर्थाने पडतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांच्या तोंडूनही ते एकाच अर्थाने बाहेर पडतात.

लिहून लिहून हात निकामी होण्याची तक्रार जुनी आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने व्यवसायजन्य रोगांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ 1700 मध्ये छापला. पुढे 1713 च्या आवृत्तीत त्याने कारकून आणि लेखनिक यांच्यावर एक प्रकरण जोडले. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात हळूहळू इतका थकला की अखेर चालेनासा झाला. त्या गृहस्थाने चिकाटीने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. रामाझ्झिनीने शरीर आणि मन ही कारणे शेजारी-शेजारी मांडली आणि त्यांत निवड करण्याची त्याला गरज भासली नाही. ती गरज पुढच्या दोन शतकांनी निर्माण केली.

एकोणिसाव्या शतकात लंडनसारख्या शहरांत कारकुनांची फौज उभी राहिली आणि सॅम्युएल सॉली या शल्यचिकित्सकाने 1864 च्या सुमारास लेखनिकांच्या या पक्षाघातावर व्याख्याने दिली. विल्यम गॉवर्स या मज्जाविकारतज्ज्ञाने अशा व्याधींना 'व्यवसायजन्य न्यूरोसिस' म्हटले. येथे एक भाषिक अपघात घडला. न्यूरोसिस या शब्दाचा त्या काळचा अर्थ एवढाच होता की मज्जासंस्थेच्या कार्यात बिघाड आहे, पण डोळ्यांना दिसणारी इजा सापडत नाही. फ्रॉइडनंतर त्याच शब्दाला मनोविकृतीचा अर्थ चिकटला. व्याधीचे नाव तेच राहिले, अर्थ मात्र पायाखालून सरकला, आणि कारकुनाचा हात न कळत मनोविकारांच्या खात्यात जमा झाला.

तारायंत्रावर मोर्स लिपीत संदेश पाठवणाऱ्यांनाही असाच पेटका येई. ब्रिटनने 1908 मध्ये ही व्याधी कामगार भरपाईच्या यादीत घातली. तक्रारी वाढल्या, तेव्हा टपालखात्याने समिती नेमली. तिच्या 1911 च्या अहवालाने कारण दिले ते असे : मज्जासंस्थेची मुळातली दुर्बलता आणि त्याच गुंतागुंतीच्या हालचालीने पुन्हा पुन्हा येणारा थकवा, या दोहोंचा संयोग. दुखणे मान्य झाले. अर्धा दोष मात्र तारबाबूच्या प्रकृतीवर टाकला गेला.

लेखनाच्या पेटक्याची कथा येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण या विषयात तिच्याइतकी बोधप्रद दुसरी कथा मला ठाऊक नाही. माणूस हाताने सर्व कामे करतो. शर्टाची गुंडी लावतो, सुईत दोरा ओवतो. पण लेखणी हाती घेतली की बोटे आवळतात, मनगट वाकते, अक्षर उमटत नाही. फक्त एकाच कामात बिघाड! हे मनाचे नाही तर दुसरे कशाचे असणार? असा तर्क विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भल्याभल्यांना पटत होता. दडपलेला राग, अधिकाराविषयीची भीती, कामाचा तिटकारा असे अर्थ त्या आवळलेल्या मुठीला लावले गेले, मनोविश्लेषणाचे उपचार झाले, आणि मूठ उघडली नाही. 1982 मध्ये लंडनच्या शीही आणि मार्सडेन यांनी अशा रोग्यांची नीट तपासणी करून दाखवले की त्यांच्यांत मनोविकारांचे प्रमाण इतरांहून अधिक नाही. त्यांनी या व्याधीला डिस्टोनिया या हालचालींच्या विकारांच्या गटात बसवले, आणि आज तेच मत मान्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी 1996 मध्ये माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांना मूठ आवळण्याची एकच हालचाल झपाट्याने आणि वारंवार करायला लावली, तेव्हा त्यांच्या मेंदूतील हाताचा संवेदन-नकाशा विस्कटला. ज्या पेशी एरवी एका बोटाच्या लहानशा भागाची जाणीव घेतात, त्या अनेक बोटांची सरमिसळ जाणीव घेऊ लागल्या. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे 1960 च्या दशकाच्या मध्यास वळू लागली आणि कित्येक वर्षे त्यांना केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवाव्या लागल्या. 1990 च्या दशकात बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेच्या इंजेक्शनांनी त्यांचा उजवा हात पुन्हा बऱ्यापैकी चालू लागला.

या कथेवरून एवढाच निष्कर्ष काढावा की 'इजा दिसत नाही, म्हणून मन' हा तर्क एकदा मोठ्या प्रमाणावर फसलेला आहे. सगळीच हातदुखी डिस्टोनिया असते असे कोणी समजू नये. डिस्टोनियात बहुधा पेटका मुख्य असतो आणि वेदना दुय्यम.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, सकाळी पोळ्या लाटताना बोटे बधिर होतात. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत मध्यमवयीन स्त्रिया पुष्कळ. अशी एक भगिनी दोन वर्षे झोपेच्या गोळ्या घेऊन माझ्याकडे आली होती. सून नवीन आली आहे, म्हणून मनावर ताण आहे, असे तिला सांगण्यात आले होते. सून खरोखरच नवीन होती. परंतु मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यापुरत्याच होत्या. करंगळी मोकळी होती. कोणाचेही मन बोटांची अशी शास्त्रशुद्ध वाटणी करीत नाही! मनगटातील अरुंद बोगद्यात मीडियन हा मज्जातंतू दाबला गेला की हेच चित्र दिसते. कार्पल टनेल सिंड्रोम हे त्याचे नाव. या दाबाचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी 1854 मध्येच केले होते, तरी अस्थिभंगाचा इतिहास नसलेल्या रोग्यांतही हा दाब असतो हे वैद्यकाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट उमगले नाही. तोवर दोष मानेतील जादा बरगडीला आणि रक्ताभिसरणाला दिला जाई.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की वक्ता शरीराच्या बाजूचा वकील आहे. दुसऱ्या बाजूचा पुरावाही दुबळा नाही, आणि तो ऑस्ट्रेलियातून येतो.

1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे हातदुखीची साथ आली. होय, 'साथ' हाच शब्द तेव्हा वापरला गेला. व्याधीला नाव मिळाले रिपीटिटिव्ह स्ट्रेन इंजुरी, म्हणजे एकाच हालचालीच्या पुनरावृत्तीने होणारी इजा, संक्षेपाने आर.एस.आय. सरकारी दूरध्वनी संस्था टेलिकॉम ऑस्ट्रेलियात 1981 ते 1985 या पाच वर्षांत सुमारे 4 हजार तक्रारी नोंदल्या गेल्या आणि मग त्या जशा चढल्या तशा उतरल्या. संस्थेचे वैद्यकीय अधिकारी ब्रूस हॉकिंग यांनी आकडे मांडले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. कळफलकावर सर्वांत अधिक वेगाने बोटे चालवणारे तारखात्याचे कर्मचारी तक्रारींत सर्वांत मागे होते, आणि त्यांच्याहून पुष्कळ कमी कळा दाबणाऱ्या दूरध्वनी चालिका सर्वांत पुढे. बोटांच्या श्रमाने इजा होत असेल तर हे उलटे गणित कसे? योलांद ल्युसिर या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सरळ सांगितले की ही इजा नव्हे, ही कामाच्या जागी उद्भवलेली मनोविकृती आहे, आणि ती वृत्तपत्रे, संघटना व डॉक्टर यांनी पसरवली. 1987 मध्ये व्हिक्टोरियाच्या न्यायालयात एका सरकारी कर्मचाऱ्याचा दावा ज्यूरीने फेटाळला. 1993 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात रॉयटर्स वृत्तसंस्थेतील एका पत्रकाराच्या दाव्यात न्यायमूर्ती प्रॉसर यांनी तर या संज्ञेला वैद्यकीय ग्रंथांत स्थानच नाही असे मत दिले.

हॉकिंग यांचे आकडे मला महत्त्वाचे वाटतात. ल्युसिर यांचा निष्कर्ष घाईचा वाटतो. चालिकेच्या दिवसात केवळ कळा नव्हत्या. कानाला यंत्र, एकाच खुर्चीत जखडलेली बैठक, सेकंदासेकंदावर देखरेख आणि आपल्या कामावर स्वतःचा शून्य ताबा, हेही होते. तारखात्यातील लोक मुळात प्रशिक्षित टंकलेखक होते आणि ज्यांचे हात टिकत नाहीत ते त्या कामातून आधीच गळलेले असणार. 'श्रमांच्या प्रमाणात नाही' एवढे सिद्ध झाले म्हणजे 'मनातून आले' हे सिद्ध होत नाही. शिवाय न्यायालयाला हो किंवा नाही असे एकच उत्तर द्यावे लागते, कारण पैसे कोणी भरायचे हे ठरवायचे असते. शरीरावर अशी सक्ती नाही.

पुढील काळातील शोध अधिक संयमी आहेत. मँचेस्टरच्या मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जे आधी निरोगी होते अशा लोकांचा दोन वर्षे मागोवा घेतला. कोपराखालचा हात कोणाला दुखू लागला? हातांच्या त्याच त्या हालचाली करणाऱ्यांना अधिक. आणि तितक्याच स्वतंत्रपणे, आधीपासून मानसिक क्लेश असलेल्यांना व वरिष्ठ-सहकाऱ्यांचा आधार नसलेल्यांनाही अधिक. रामाझ्झिनीच्या यादीशी हे किती जुळते पाहा.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक पाहणी मुंबईची आहे. इरा मदन, डेव्हिड कॉगन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मुंबईतील व ब्रिटनमधील कामगार आणि कचेरीतील कर्मचारी यांची तुलना केली. ब्रिटनमधील गटात भारतीय उपखंडातून गेलेले लोकही होते, ही त्यातील खुबी. काम सारखे असूनही मुंबईच्या श्रमिकांनी दुखण्यामुळे अडून बसल्याच्या तक्रारी कमी सांगितल्या, आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले आपले लोक मात्र तेथील गोऱ्यांच्याच ओळीत होते. म्हणजे वंशाचा प्रश्न मिटला. पुढे कॉगन यांनी 18 देशांत हीच चौकशी केली, तेव्हा केवळ कचेरीत काम करणाऱ्यांत, काम अडवण्याइतक्या मनगट व हाताच्या दुखण्याचे महिन्याभरातील प्रमाण कोठे 2.2 टक्के, तर कोठे 31.6 टक्के आढळले. संगणक सगळीकडे सारखाच आहे. भोवतालचा समाज दुखण्याकडे कसा पाहतो, त्याला नाव आहे की नाही, रजा मिळते की पोट मारले जाते, याचा परिणाम वेदनेवर आणि तिच्या उच्चारावर होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईचा श्रमिक कमी सांगतो म्हणून त्याला कमी दुखते, असे मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. न सांगण्याचीही कारणे असतात.

आता वेदना म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. बोटाला टाचणी टोचली की मज्जातंतू धोक्याचा संदेश नेतात; वेदना तयार होते मेंदूत. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक असते आणि मेंदू ते उघडू वा मिटू शकतो. पुढील संशोधनाने हेही दिसले की संदेश दीर्घकाळ येत राहिले तर मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते आणि मूळ इजा भरून आल्यावरही इशारा देत राहते. या प्रकाराला 2017 पासून नोसिप्लास्टिक वेदना असे नाव आहे. येथे हातात इजा नाही, आणि रोग्याच्या मनात काही गुपितही नाही. मज्जासंस्थेच्या कार्यातच बदल झालेला आहे. भीती, निद्रानाश, चिंता या बदलाला खतपाणी घालतात. शांत झोप आणि बेताची हालचाल त्याला उतार देतात. 'मन की शरीर' या प्रश्नाचे दोन्ही पर्याय येथे अपुरे पडतात.

बरे होण्यावरून कारण ठरवण्याचा मोह या विषयात फार आढळतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो यांनी पाठदुखीविषयी आणि पुढे 1998 च्या पुस्तकात हातदुखीविषयीही असे मांडले की दडपलेल्या क्रोधावरून लक्ष उडावे म्हणून मेंदू त्या भागाचा रक्तपुरवठा किंचित घटवतो. केवळ पुस्तक वाचून बरे झालो असे सांगणारे असंख्य लोक आहेत, आणि ते खोटे बोलतात असे मला वाटत नाही. मात्र रक्तपुरवठ्याची ती कल्पना सिद्ध झालेली नाही. कोलोरॅडोच्या बोल्डर येथे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दीर्घकालीन पाठदुखीच्या रोग्यांना, तुमची वेदना धोक्याची नाही, ती मेंदूचा खोटा इशारा आहे, असे पटवून देणारे उपचार केले. त्यांतील 66 टक्के रोगी जवळजवळ वेदनामुक्त झाले. प्लासिबो गटात 20 टक्के आणि नेहमीच्या उपचारांत 10 टक्के. आकडे लक्षणीय आहेत. पण तो प्रयोग पाठीचा होता, गंभीर शारीरिक कारणे वगळून निवडलेल्या रोग्यांचा होता. तो हातालाही जशाचा तसा लागू आहे असे गृहीत धरता येत नाही.

हाताविषयीचा प्रयोग हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांचा आहे, 2006 चा. हातदुखीच्या 270 रोग्यांपैकी काहींना निष्क्रिय गोळी दिली आणि काहींना ॲक्युपंक्चरचा निव्वळ आभास करणारी, त्वचेत न शिरणारी सुई. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले, खोट्या सुईने अधिक. गंमत म्हणजे गोळीवाल्यांनी गोळीचे सांगितलेले दुष्परिणाम अनुभवले आणि सुईवाल्यांनी सुईचे! म्हणून त्या साऱ्यांचे दुखणे मनाचे होते काय? मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेलाही प्लासिबोने उतार पडतो, आणि तेथे तर टाके डोळ्यांना दिसत असतात. ॲस्पिरिनने डोके थांबले म्हणून डोकेदुखी ॲस्पिरिनच्या अभावाने होते असे आपण म्हणत नाही.

मग मनोकायिक हे निदान कधीच करू नये काय? एलियट स्लेटर यांनी 1965 मध्ये दाखवले होते की 'हिस्टेरिया' ठरवलेल्या निम्म्याहून अधिक रोग्यांत पुढे मज्जासंस्थेचा किंवा दुसरा खरा आजार निघाला. त्या धक्क्याने पिढ्यान्पिढ्या डॉक्टर सावध झाले. पण 2005 मधील आढाव्यात असेही आढळले की अशा चुकांचे प्रमाण 1950 च्या दशकातील 29 टक्क्यांवरून 1970 नंतर 4 टक्क्यांवर आले होते. ते आकडे प्रामुख्याने पक्षाघात आणि झटके यांचे आहेत, निव्वळ वेदनेचे नाहीत. तरी डॉक्टरावर सरसकट अविश्वास ठेवू नये एवढे त्यांतून निघते. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानग्रंथात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. शारीरिक कारण सापडत नाही, या अटीवर मनोकायिक निदान आता उभे राहत नाही. त्यासाठी लक्षणांविषयीची अतिरेकी चिंता, त्यांत वाया जाणारा वेळ अशा गोष्टी प्रत्यक्ष दिसाव्या लागतात. शारीरिक आजार सोबत असला तरी चालतो.

व्यवहारात मी रोग्याचा हात हातात घेऊन आधी पुढील गोष्टी पाहतो. मुंग्या कोणत्या बोटांत आहेत. करंगळीत असतील तर कोपर तपासावे लागते. मान वळवल्याने कळ हातात उतरते का. मधुमेह, थायरॉइडची मंदगती, गर्भारपण यांपैकी काही आहे का. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, पकडीतून वस्तू सुटत असतील, किंवा एक हात सुजून त्याचा रंग आणि उष्णता दुसऱ्याहून निराळी झाली असेल, तर मनाची चर्चा बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवतो. यांतले काही नसेल, दुखणे आज मनगटात तर उद्या दुसऱ्या खांद्यात फिरत असेल, साधा स्पर्शही बोचत असेल आणि झोप उडालेली असेल, तर अतिसंवेदनशील मज्जासंस्थेची शक्यता मी रोग्याला चित्र काढून समजावतो. हात गळ्यात बांधून ठेवू नका, काम तुकड्या-तुकड्यांनी वाढवा, रात्रीची झोप सावरा असे सांगतो. घरच्या-कचेरीच्या अडचणीही विचारतो, पण तपासणी पूर्ण झाल्यावर. आधी विचारल्या तर रोगी त्यांना आरोप समजतो.

आणि रजेचे प्रमाणपत्र मागायला तो येतो, तेव्हा कारणाच्या रकान्यात मी फक्त एवढेच लिहितो : उजव्या हाताचे दीर्घकालीन दुखणे, सलग अर्ध्या तासाहून अधिक टंकलेखन सध्या शक्य नाही, सहा आठवड्यांनी फेरतपासणी.